विवरणपत्रावर सही करण्यापूर्वी : फॉर्म १६, २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण कसे पडताळावे

प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र उघडले की त्यातील बरेचसे रकाने आज आधीच भरलेले दिसतात. पगाराची रक्कम, बँकेचे व्याज, कंपन्यांचा लाभांश, कापलेला कर असे बहुतेक तपशील तेथे तयार मिळतात. ही सोय मोठी आहे. मात्र तिने एक गैरसमजही रुजवला आहे. आकडे सरकारनेच भरले आहेत, तेव्हा ते बरोबरच असणार, असे गृहीत धरून अनेक करदाते खाली मान्यता देऊन मोकळे होतात. वस्तुतः हे आकडे विभागाने स्वतः मोजलेले नसतात. मालकाने, बँकेने, म्युच्युअल फंडाने, शेअर दलालाने किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाने ते कळवलेले असतात. एखाद्याच्या उत्पन्नाविषयी इतरांनी दिलेली ती माहिती आहे, आणि माहिती देणारा चुकू शकतो. सही मात्र करदात्याची असते. उत्पन्न कमी दाखवल्याचे सिद्ध झाल्यास प्राप्तिकर कायद्याच्या कलम २७०ए नुसार बुडालेल्या कराच्या ५० टक्के, तर माहिती जाणूनबुजून चुकीची दिल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो. रकाना आधीच भरलेला होता, एवढ्यावर ही जबाबदारी टळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ अमलात आला असला, तरी २०२५-२६ या आर्थिक वर्षातील उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. पुढे आलेली कलमे व फॉर्मचे क्रमांक त्या जुन्या कायद्यातील आहेत.

तीन कागद, तीन उगम

पडताळणीत तीन कागद समोर ठेवावे लागतात. पहिला फॉर्म १६. पगारातून कर कापणाऱ्या मालकाने तो १५ जूनपर्यंत देणे बंधनकारक आहे. त्याचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात दर तिमाहीत किती कर कापला आणि सरकारजमा केला याची नोंद असते. हा भाग विभागाच्या ‘ट्रेसेस’ या प्रणालीतूनच तयार होतो. ‘ब’ भागात पगाराची फोड, भत्ते, वजावटी आणि कराची आकडेमोड असते व ती मालकाच्या हिशेबखात्याने पुरवलेली असते. त्यामुळे ‘अ’ भाग बिनचूक आणि ‘ब’ भागात मात्र घरभाडे भत्ता गाळलेला, असे घडू शकते. मालकाचे नाव आणि रक्कम पाहून फॉर्म बाजूला ठेवण्याची सवय येथेच नडते. पॅन क्रमांक, नोकरीचा कालावधी, निवडलेली करप्रणाली आणि ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट (जुन्या प्रणालीत ५० हजार) या चार गोष्टी वर्षभराच्या पगारपत्रकांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. पगाराखेरीज अन्य रकमांवरील करकपातीसाठी फॉर्म १६ए मिळतो. तो दर तिमाहीला दिला जातो.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म २६एएस. करदात्याच्या पॅनवर कोणी, कधी आणि किती कर जमा केला, याचे हे खातेपुस्तक होय. त्यातील प्रत्येक नोंदीसमोर एक इंग्रजी अक्षर असते आणि बहुतेकांची नजर त्यावरून घसरून जाते. ‘एफ’ म्हणजे कर कापणाऱ्याने भरलेली रक्कम बँकेकडील नोंदीशी जुळली, श्रेय पक्के. ‘यू’ म्हणजे अद्याप जुळलेली नाही. ‘पी’ हे अक्षर केवळ सरकारी कार्यालयांनी केलेल्या कपातीपुढे येते. वेतन व लेखा अधिकाऱ्याकडून भरण्याचा तपशील पडताळला गेला की त्याचे ‘एफ’ होते. ‘यू’ दिसत असताना त्या रकमेवर परतावा मागितला, तर तो अडकण्याचीच शक्यता अधिक.

तिसरा कागद सर्वांत मोठा. वार्षिक माहिती विवरण, अर्थात एआयएस, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. करकपातीपलीकडचे व्यवहारही त्यात येतात : बचत खात्यावरील व्याज, लाभांश, समभाग व म्युच्युअल फंडांची विक्री, वर्षभरात बचत खात्यांत भरलेली १० लाख रुपये वा अधिक रोकड, ३० लाख रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचा व्यवहार, क्रेडिट कार्डाची वर्षातील १० लाखांची (रोखीने असल्यास १ लाखाची) देयके. याच माहितीतील दुबार नोंदी वगळून तयार केलेला सारांश म्हणजे टीआयएस; विवरणपत्राचे रकाने भरण्यासाठी तो वापरला जातो. एआयएसमध्ये दिसते तेवढेच उत्पन्न, असे मात्र नाही. येथे न आलेले व्यवहारही असू शकतात आणि संपूर्ण उत्पन्न जाहीर करणे करदात्याचे काम आहे, हे विभागाने त्या विवरणातच नमूद केले आहे. करकपातीच्या आकड्यात एआयएस आणि २६एएस यांच्यात तफावत आढळली, तर ट्रेसेसवरील २६एएस प्रमाण मानावे, असेही तेथे म्हटले आहे.

हे कागद पाहण्याची वेळही महत्त्वाची. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या करकपातीचे विवरण आणि बँकांनी द्यावयाचे मोठ्या व्यवहारांचे विवरण, दोहोंची मुदत ३१ मे असते. त्याआधी उतरवून घेतलेला २६एएस अपुरा असणे स्वाभाविक आहे. एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून परताव्याच्या रांगेत पुढे जाण्याची घाई अनेकदा उलटते. जूनच्या मध्यानंतर एकदा आणि प्रत्यक्ष विवरणपत्र सादर करण्याच्या दिवशी पुन्हा एकदा, असे दोन वेळा हे कागद पाहिलेले बरे. मधल्या काळात एआयएसमध्ये नव्या नोंदी येत राहतात.

दोन खरे फॉर्म, एक चुकीचा हिशेब

वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्यांच्या बाबतीत कोणतीही चूक नसलेले कागदही फसवू शकतात. समजा, एका कर्मचाऱ्याला २०२५-२६ मध्ये पहिल्या कंपनीकडून ८ लाख आणि दुसरीकडून ९ लाख रुपये पगार मिळाला. नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर पहिल्या कंपनीच्या हिशेबाने त्याचे करपात्र उत्पन्न ७ लाख २५ हजार, दुसऱ्या कंपनीच्या हिशेबाने ८ लाख २५ हजार. दोन्ही रकमा १२ लाखांच्या आत असल्याने करसवलत लागू होते आणि दोन्ही फॉर्म १६ मध्ये देय कर शून्य दिसतो. प्रत्यक्षात एकूण पगार १७ लाख. प्रमाणित वजावट एकदाच मिळते. म्हणजे करपात्र उत्पन्न १६ लाख २५ हजार. त्यावर कराच्या टप्प्यांनुसार १ लाख २५ हजार रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून १ लाख ३० हजार रुपये होतात. शिवाय अग्रिम कर भरला नाही म्हणून कलम २३४बी व २३४सी खालील व्याज वेगळेच.

येथे कोणत्याच मालकाने खोटे काही लिहिलेले नाही. नव्या कंपनीत रुजू होताना आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म १२बी मध्ये दिला असता, तर दुसऱ्या मालकाने एकत्रित उत्पन्नावर कर कापला असता. तो दिला गेला नाही आणि जुलै उजाडेपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नाही, तर ही रक्कम एकरकमी उभी करण्याची वेळ त्या कुटुंबावर येते. त्यामुळे नोकरी बदललेल्या व्यक्तीने फॉर्म १६ हातात पडण्याची वाट न पाहता मार्चपूर्वीच बेरीज करून पाहिलेली चांगली.

व्याजाबाबतचा घोळ याहून सार्वत्रिक आहे. बँकेने कर कापला नाही, म्हणजे व्याज करमुक्त, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. एप्रिल २०२५ पासून बँकांतील मुदत ठेवींवरील वार्षिक व्याज ५० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाखापर्यंत असल्यास कर कापला जात नाही. ही मर्यादा कपातीची आहे, करमाफीची नव्हे. ४५ हजारांचे व्याज २६एएसमध्ये दिसणार नाही, एआयएसमध्ये मात्र दिसेल आणि ते उत्पन्नात धरावेच लागेल. जुनी प्रणाली निवडणाऱ्या ज्येष्ठांना कलम ८०टीटीबी खाली ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

पुनर्गुंतवणुकीच्या ठेवींचे कोडे आणखी वेगळे. पाच वर्षांनी एकदम रक्कम देणाऱ्या ठेवीवरही बँक दरवर्षी साठलेले व्याज कळवते आणि मर्यादा ओलांडल्यास दरवर्षी कर कापते. ठेवीदार मात्र पैसे हातात येतील तेव्हा पाहू म्हणून पाचव्या वर्षी सारे व्याज दाखवतो. कराचे श्रेय ज्या वर्षी उत्पन्न दाखवले त्याच वर्षी मिळते, असा नियम ३७बीए आहे. परिणामी आधीच्या चार वर्षांचे श्रेय लोंबकळत राहते आणि पाचव्या वर्षी उत्पन्न वरच्या टप्प्यात ढकलले जाते. व्याज दरवर्षी दाखवणे हाच यातील सरळ मार्ग. उलट प्रकारही घडतो : व्यावसायिकाने मार्चमध्ये देयक पाठवून त्या वर्षी उत्पन्न दाखवले आणि समोरच्याने पुढील वर्षी पैसे देताना कर कापला. अशा वेळी आधीच्या वर्षात श्रेय मागण्यासाठी फॉर्म ७१ आहे; कर कापला गेला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत तो भरावा लागतो.

एका परिस्थितीकडे मात्र फार कमी लक्ष दिले जाते. पती-पत्नीच्या संयुक्त ठेवीत पहिले नाव पतीचे असते आणि व्याज व करकपात दोन्ही त्याच्याच पॅनवर नोंदली जातात. त्याच्या निधनानंतर बँकेला वेळीच कळवले नाही, तर व्याज पत्नीच्या हाती येते, कर मात्र मृताच्या पॅनवर जमा होत राहतो. पत्नीने प्रामाणिकपणे ते व्याज आपल्या विवरणपत्रात दाखवले, तरी तिच्या २६एएसमध्ये त्या कराचा मागमूस नसतो. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाला संकेतस्थळावर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून भरता येते; त्यानंतरचे उत्पन्न ज्याचे त्याच्या नावे दाखवावे लागते. मृत्यूचा दाखला आणि स्वतःचा पॅन देऊन ठेवी आपल्या नावे करून घेणे, हे दुःखाच्या दिवसांत सुचणारे काम नव्हे. तथापि त्यास वर्षभर विलंब झाला, तर पुढील जुलैत त्याची किंमत मोजावी लागते. कुटुंब निवृत्तिवेतनाचीही अशीच गल्लत होते. कायद्याने ते पगार नसून ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ आहे आणि त्यावर मर्यादित वजावट मिळते : नव्या प्रणालीत एकतृतीयांश किंवा २५ हजार रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.

समभाग आणि म्युच्युअल फंडांबाबत एआयएसमधील विक्रीची रक्कम बहुधा विश्वासार्ह असते, खरेदीची मात्र असेलच असे नाही. वारसाहक्काने आलेले, एका डीमॅट खात्यातून दुसऱ्यात वळवलेले किंवा फार जुने समभाग असतील, तर खरेदी किंमत शून्य वा भलतीच दिसू शकते. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने विक्रीच होय; पैसे बँकेत आले नाहीत म्हणून नफा झाला नाही, असे म्हणता येत नाही. येथे दलालाकडील किंवा फंडाकडील भांडवली नफ्याचे विवरण हाच आधार धरावा.

कापलेला कर दिसत नसेल तर

एआयएसमधील नोंद चुकीची वाटल्यास तेथेच अभिप्राय नोंदवता येतो. माहिती अंशतः चुकीची आहे, दुसऱ्या पॅनची वा दुसऱ्या वर्षाची आहे, दुबार आहे किंवा व्यवहार झालेलाच नाही, असे पर्याय असतात. हा अभिप्राय माहिती देणाऱ्या संस्थेकडे पुष्टीसाठी जाऊ शकतो आणि तिने काय उत्तर दिले, हे पाहण्याची सोय मे २०२४ पासून उपलब्ध आहे. अभिप्राय दिला म्हणजे नोंद पुसली गेली, असे मात्र समजू नये. पुराव्याची कागदपत्रे जवळ हवीतच.

करकपातीची चूक अभिप्रायाने सुटत नाही. ती कर कापणाऱ्यानेच दुरुस्ती विवरण भरून सुधारायची असते. पॅनचे एक अक्षर चुकले, तरी पगारातून गेलेला कर भलत्याच्या खाती दिसतो. ५० लाख वा अधिक किमतीचे घर विकणाऱ्याचा १ टक्का कर खरेदीदार कापतो आणि फॉर्म २६क्यूबी द्वारे भरतो; तेथे तर हे काम बहुधा आयुष्यात प्रथमच करणाऱ्या व्यक्तीच्या हाती असते. विक्रेत्याने व्यवहारानंतर महिन्याभराने २६एएस पाहावा आणि खरेदीदाराकडून फॉर्म १६बी मागून घ्यावा, कारण वर्षभरानंतर तो फोन उचलेलच याची शाश्वती नसते.

मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारजमा केलाच नाही, तर? कलम २०५ नुसार जेवढा कर कापला गेला, तेवढ्यापुरती करदात्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, मालकाने कर भरला नसला तरी विभागाने वसुली त्या मालकाकडूनच करावी, असे स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने एका सनदी लेखापालाच्या पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०१३ मध्ये, कर कापणाऱ्यांच्या चुकांचा भुर्दंड करदात्यांवर पडू नये म्हणून विभागाला तपशीलवार निर्देश दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली : करदात्याने कपातीचे प्रमाणपत्र सादर केल्यास, कर सरकारी खात्यात आला आहे की नाही याची अधिकाऱ्याने खातरजमा करावी आणि आला असल्यास श्रेय द्यावे. कर जमाच झालेला नसेल, अशा प्रकरणांत करदात्याकडून सक्तीने वसुली करू नये, असे मंडळाने २०१५ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये कळवले. कायदा असा करदात्याच्या बाजूने आहे. तरीही बंद पडलेल्या कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याला तो प्रत्यक्षात मिळवताना कार्यालयाच्या फेऱ्या चुकत नाहीत. त्या वेळी कामास येतात त्या मासिक पगारपत्रिका आणि हाती पडलेला निव्वळ पगार दाखवणारे बँक खात्याचे उतारे. कर खरोखरच कापला गेला होता, हे यांवरूनच सिद्ध होते.

मुदत आणि अफवा

पगारदार व अन्य सामान्य करदात्यांसाठी विवरणपत्राची मुदत ३१ जुलै आहे. ती चुकल्यास ५ हजार रुपयांपर्यंत (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १ हजार) विलंब शुल्क, थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज आणि त्या वर्षापुरता जुन्या करप्रणालीचा पर्याय गमावणे, अशी तिहेरी किंमत पडते. गृहकर्ज व विमा यांच्या वजावटींवर भिस्त असलेल्यांसाठी यातील तिसरी बाब सर्वांत महाग ठरते.

मुदतवाढीच्या बातम्या हा हंगामातील नित्याचा प्रकार झाला आहे. २०२५ मध्ये मूळ मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली होती. त्या अखेरच्या दिवसांत, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढल्याची बनावट माहिती समाजमाध्यमांवर फिरली आणि ती खोटी असल्याचा खुलासा विभागाला करावा लागला. प्रत्यक्षात वाढ मिळाली ती एका दिवसाची, १६ सप्टेंबरपर्यंत. तोवर, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, ७ कोटी ३० लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे परिपत्रक किंवा विभागाच्या अधिकृत खात्यावरील निवेदन समोर आल्याखेरीज कोणतीही मुदतवाढ खरी मानू नये.

परतावा मंजूर झाला, दुव्यावर टिचकी मारून खाते तपासा, अशा आशयाचे संदेशही याच काळात वाढतात. विभाग ई-मेलद्वारे पासवर्ड, पिन किंवा कार्डाचा तपशील मागत नाही. नोटीस आल्यास तिच्यावरील ओळख क्रमांक ई-फायलिंग संकेतस्थळावर टाकून ती खरी की बनावट, हे लॉगिन न करताही पडताळता येते.

विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे : संकेतस्थळावर नोंदलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? जुलै २०२५ मध्ये विभागाने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी पडताळणी मोहीम राबवली. त्यात असे आढळले की, काही मध्यस्थ केवळ विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि नंतर ते सोडून देत. परिणामी विभागाच्या नोटिसा न वाचल्याच पडून राहत. वाढीव परताव्याचे आमिष दाखवून मध्यस्थ टक्केवारी घेऊन जातो. नोटीस, व्याज आणि दंड करदात्याच्या नावावर येतो.

सादर केल्यानंतर

विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी न केल्यास पडताळणीची तारीख हीच सादर केल्याची तारीख धरली जाते. ३० जुलैला सादर करून सप्टेंबरमध्ये पडताळणी करणारा त्यामुळे उशिरा भरणारा ठरतो. परताव्यासाठी बँक खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित केलेले हवे आणि पॅन आधारशी जोडलेला हवा. निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही.

राहून गेलेले उत्पन्न नंतर लक्षात आले, तर सुधारित विवरणपत्राची मुदत संपल्यावरही अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने खुला असतो. उशीर होईल तसा त्यावर २५ ते ७० टक्के जादा कर पडतो आणि परतावा मागण्यासाठी वा वाढवण्यासाठी हा मार्ग वापरता येत नाही.

बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून यथावकाश कलम १४३(१) खालील सूचनापत्र येते. त्यात करदात्याने दिलेले आकडे आणि विभागाने धरलेले आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. परतावा जमा झाला की हे पत्र सहसा उघडले जात नाही. कापलेल्या कराच्या ओळीत दोन्ही आकडे सारखे आहेत ना, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. फरक असल्यास सूचनापत्र ज्या आर्थिक वर्षात निघाले, ते संपल्यापासून चार वर्षांत कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती त्याच संकेतस्थळावरून करता येते.